लग्नाला जीपीएसने कसे जावे

मोबाइल काचेला चिकटवण्याआधी गाडीत कोण कुठे बसणार हे पक्के करावे. ज्याला रस्ता ठाऊक आहे त्याला मागे बसवावे, शक्यतो मधल्या जागेवर, दोन आत्यांच्या मध्ये. प्रत्येक कुटुंबात असा एक काका असतो. हा रस्ता त्याने एसटीच्या खिडकीतून पाहिलेला असतो, आणि त्यानंतर झालेला प्रत्येक बायपास आपल्याला न विचारता केला अशी त्याची तक्रार असते. काका पुढे बसला तर गाडीत दोन मार्गदर्शक होतात, आणि त्यांतल्या एकाचाच आवाज बंद करता येतो.

पुढे भाच्याला बसवावे. त्याने कार्यालयाचे नाव टाकावे आणि नावाखालचे गावही वाचावे, कारण महालक्ष्मी मंगल कार्यालय एका जिल्ह्यात एकच असते असा कुठलाही कायदा नाही. पत्रिकेच्या मागे हाताने काढलेला नकाशा छापला असेल तर तो जपून ठेवावा. त्यात उत्तर दिशा नसते, पण पेट्रोल पंप, शाळा आणि पाण्याची टाकी असते. हल्ली त्या जागी क्यूआर कोड असतो, आणि तो स्कॅन करायला पत्रिका घरून आणलेली नसते. निघण्यापूर्वी फोनमधला नकाशा दुचाकीच्या मार्गांवर तर ठेवलेला नाही ना, हेही पाहावे. ही सोय भारतात २०१७ साली आली आणि फार गुणाची आहे. मात्र तिच्या भरवशावर मोटार घेऊन गेलेला माणूस अशा बोळात शिरतो, की बाहेर पडताना आधी दोघांच्या सायकली आणि एकाची तुळस हलवावी लागते.

आता थोडे शास्त्र. डोक्यावर सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे उपग्रह फिरत असतात. व्यवस्था नीट चालायला २४ लागतात, प्रत्यक्षात तीसएक असतात. फोन त्यांच्याबरोबर रशियाचे, युरोपचे, चीनचे आणि काही फोन आपल्या 'नाविक'चेही उपग्रह ऐकतात, पण सगळ्यांना जीपीएसच म्हणायची रीत आहे. हे उपग्रह वरून आपली गाडी बघतात असे पुष्कळांना वाटते. ते काही बघत नाहीत. त्यांना तुमच्यात, तुमच्या पैठणीत किंवा आहेराच्या पाकिटात रस नाही. 'मी अमुक ठिकाणी आहे आणि आत्ता इतके वाजले' एवढेच ते अखंड सांगत राहतात. निरोप यायला किती वेळ लागला त्यावरून फोन अंतर काढतो. तीन उपग्रहांची अंतरे जागा ठरवायला, आणि चौथा उपग्रह फोनच्या स्वस्त घड्याळाची चूक काढायला.

म्हणजे यात सगळा खेळ घड्याळाचा आहे. वेळेत एका मायक्रोसेकंदाची चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरची होते. आइनस्टाइनने सांगितलेल्या सापेक्षतेमुळे उपग्रहांवरची आण्विक घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही गोष्ट आधीच हिशेबात धरली नसती तर रोज दहाएक किलोमीटरचा घोळ साचत गेला असता. इतकी काटेकोर यंत्रणा हातात धरून आपण यजमानांना कळवतो: 'निघालोच, पाच मिनिटांत पोचतो.' त्याच हिशेबाने पाच मिनिटांची चूक म्हणजे नऊ कोटी किलोमीटर. सूर्य पंधरा कोटींवर आहे. निम्म्याहून अधिक वाट आपण सूर्याकडे गेलेलो असतो, आणि काकाची आंघोळ अजून व्हायची असते.

म्हणून लाइव्ह लोकेशन पाठवताना फार विचार करावा. व्हॉट्सअॅपवर पंधरा मिनिटे, एक तास आणि आठ तास अशा तीन मुदती मिळतात. आठ तासांची मुदत फक्त आईला द्यावी. ती ठिपका हलतोय एवढेच बघते, कुठे हलतोय ते विचारत नाही. वधूपित्याला लाइव्ह लोकेशन कधीही देऊ नये. 'कात्रजला आलो' असे सांगून झाल्यावर आपला ठिपका कोथरूडमध्ये आपल्याच इमारतीवर स्थिर दिसला, तर पुढचे सगळे संबंध त्या ठिपक्याभोवती फिरतात. मागितलेच तर 'नेट नाहीये' म्हणावे. मात्र हे व्हॉट्सअॅपवर लिहून कळवू नये. यावर आणखी एक उपाय आहे, खरोखर निघण्याचा, पण तो शेवटचा म्हणून राखून ठेवावा.

लग्न कोकणात असेल तर पुण्याबाहेर पडताना चांदणी चौक लागतो. फोन आपली जागा मोकळ्या आभाळाखाली पाचएक मीटरपर्यंत बरोबर सांगतो, पण ही अचूकता आडवी असते. उंचीच्या बाबतीत तो कच्चा, कारण उपग्रह सगळे वरच्याच बाजूला, पायाखालचे पृथ्वीआड. एकावर एक रस्ते आणि त्यांत वळसे घेणारे रॅम्प जिथे आहेत, तिथे तुम्ही पुलावर आहात की पुलाखाली हा प्रश्न त्याला अवघड जातो. तिथे मान वर करून रस्त्यावरचा फलक वाचावा. भाच्याला फलक वाचायची सवय नसते. हे काम आत्याला द्यावे. तिला दूरचे चांगले दिसते.

पुढे ताम्हिणी घाटात नेट जाते आणि गाडीत एकच हाक उठते, 'गेलं जीपीएस!' जीपीएस कुठेही गेलेले नसते. उपग्रहांचे बोलणे ऐकायला नेट लागत नाही, डेटा पॅकही लागत नाही. गेलेला असतो तो नकाशा, कारण तो आपण त्या-त्या वेळी मागवून घेत असतो. फोनला आपण कुठे आहोत ते नेमके ठाऊक असते आणि कोऱ्या पडद्याच्या मध्यभागी तो आपल्याला ठेवतो. त्या भागाचा नकाशा आदल्या रात्री घरच्या वायफायवर उतरवून घेतला की हा प्रसंग टळतो. या मार्गदर्शिकेतला एकच सल्ला पाळायचा असेल तर हा पाळावा. न पाळल्यास काकाला पुढे बोलवावे लागेल.

लग्न पुण्यातच, पेठेत असेल तर प्रकरण वेगळे. उंच इमारतींच्या भिंतींवर आपटून आलेला निरोप फोनपर्यंत लांबच्या वाटेने पोचतो आणि ठिपका शेजारच्या बोळात उडी मारतो. याहून वाईट दिवस जगाने पाहिले आहेत: अमेरिका नागरिकांसाठीच्या संदेशात मुद्दाम भेसळ करायची आणि शंभरेक मीटरपर्यंतची चूक ठेवायची. ही भेसळ बंद करण्याची घोषणा झाली १ मे २००० रोजी, महाराष्ट्र दिनी. पुण्याला त्याचे कौतुक वाटले नाही, कारण पुण्याची स्वतःची व्यवस्था पेशवाईपासून सुरळीत चालू आहे. इथे पत्र्या मारुती आहे, जिलब्या मारुती आहे, डुल्या, सोन्या आणि भिकारदास मारुती आहेत. आकाशातले चार उपग्रह लागतात तिथे जमिनीवरचा एक मारुती पुरतो. पत्ता विचारताना मात्र नुसते 'मारुतीचं देऊळ' म्हणू नये. समोरचा माणूस 'कुठला?' एवढेच विचारील, पण ज्या नजरेने विचारील ती बराच काळ लक्षात राहते.

शेवटच्या पाचशे मीटरला नकाशा मिटून काच खाली करावी, हे सगळ्या गावांना लागू. निळा ठिपका आणि लाल पिन एकमेकांवर आल्या, की 'तुम्ही पोचला आहात' असे सांगून फोन आपले काम संपवतो. समोर भिंत असते. भिंतीपलीकडून सनई ऐकू येते. कार्यालयांची पिन बहुधा मागच्या अंगाला, जिथे आचाऱ्याचे टेम्पो लागतात तिथे रोवलेली असते. अशा वेळी पानटपरीवाल्याला विचारावे. तो हात पसरून जो हवेत वळसा काढतो, त्यात चढ, स्पीडब्रेकर आणि 'तिथून कुणालाही विचारा' हे सगळे येते. तो 'सरळ जा' म्हणाला तरी रस्ता सरळ असेलच असे धरू नये.

राहता राहिला वाहतुकीचा लाल रंग. तो उपग्रह पाठवत नाहीत. रस्त्यावरच्या माणसांच्या खिशातले फोन किती वेगाने सरकत आहेत त्यावरून तो नकाशावर चढतो. २०२० साली बर्लिनमध्ये सिमॉन वेकर्ट नावाच्या कलावंताने हातगाडीत ९९ फोन भरले आणि रिकाम्या रस्त्यावरून हळूहळू ओढत नेले. नकाशाने त्या मोकळ्या रस्त्यावर वाहतूक तुंबल्याचे दाखवले. जगभर त्याचे नवल झाले. आपल्याकडे हा प्रयोग दर लग्नतिथीला होतो, फक्त हातगाडीच्या जागी घोडा असतो आणि रस्ताही खरोखर तुंबतो.

याचा उपयोग करून घ्यावा. कार्यालयाजवळ आल्यावर भाच्याने त्या शेवटच्या रस्त्याचा रंग बघावा. तो गडद लाल असेल तर वरात अजून बाहेर नाचते आहे आणि नवरदेव घोड्यावरून उतरलेला नाही. गाडी सावकाश घ्यावी, काकाला चहा पाजावा, पैठणीची निरी सारखी करून घ्यावी. रस्ता मोकळा दिसला तर अक्षता पडून गेल्या आहेत. मग पुढच्या दाराने जाऊन सगळ्यांच्या नजरेला पडण्यात अर्थ नाही. नकाशा पुन्हा चालू करावा आणि पिन जिथे नेईल तिथे मुकाट्याने जावे. पहिली पंगत नुकतीच बसली असेल, आणि आचाऱ्याच्या बाजूच्या दाराने शिरले की पाने मांडलेले दोन-तीन पाट हमखास मोकळे सापडतात.