सहीबहाद्दर चिरंजीवांस खुले पत्र

सन्माननीय चिरंजीव,

मातोश्रींच्या छातीतली गाठ कॅन्सरची आहे, हे डॉक्टरांनी केबिनमध्ये आपल्याला सांगितलं आणि बाहेर बाकड्यावर बसलेल्या मातोश्रींना आपण 'साधी गाठ आहे' असं कळवलंत. धन्य ते मातृप्रेम! मग त्यांना डोंबिवलीहून परळला नेलंत, थेट टाटा कॅन्सर रुग्णालयाच्या दारात. तिथे लोक सर्दीपडशासाठी जातात, हे त्यांना पटलंच असणार. पासबुकात रुपयाचा फरक आला तर बँक मॅनेजरला उभं करणारी बाई. दारावरची पाटी तेवढी तिला वाचता येत नसावी.

संमतीपत्रावर सहीही आपलीच. सर्वोच्च न्यायालयाला मात्र ही थोरवी कळली नाही. समीरा कोहली खटल्यात 44 वर्षांची अविवाहित बाई तपासणीसाठी भुलीत होती. बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि तिचं गर्भाशय, बीजकोश काढले. 2008 मध्ये न्यायालयाने सांगितलं: रुग्ण सज्ञान आहे, थोड्या वेळाने शुद्धीवर येणार आहे, जिवाला तातडीचा धोका नाही, आईची संमती चालणार नाही. जन्मदातीची चालत नाही, तिथे चिरंजीवांची! गर्भपाताचा 1971 चा कायदाही तसाच आगाऊ. सज्ञान बाईची संमती त्याला पुरते, नवऱ्याची सही तो मागत नाही. दवाखाने मागतात, ती गोष्ट वेगळी. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांत शस्त्रक्रियेच्या संमतीसाठी 'पती किंवा पत्नी' असे शब्द आहेत खरे. पण 'मुलगा' तिथेही सापडत नाही हो!

शेजारच्या कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी 1886 मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, कारण पुरुष डॉक्टरपुढे बायकांना मोकळेपणी बोलता येत नव्हतं. आज समोर बाई डॉक्टर बसलेली असते आणि बोलता आपण.

मातोश्रीही काही कमी नाहीत. 'मला काय कळतंय, त्यालाच विचारा' हे पालुपद त्यांचंच. आपला देह दुसऱ्याच्या हवाली करून वर नशिबाला बोल लावायची सोय त्यात आहे. पण आपली सोय त्याहून मोठी: बरं झालं तर 'मी निर्णय घेतला', बिघडलं तर 'डॉक्टरांनी काही सांगितलंच नाही' म्हणून ठाण्याच्या ग्राहक आयोगात तक्रार. आपण सही केलेल्या त्या संमतीपत्रावर सगळे धोके छापलेले होते. वाचले होतेत?

असो. मातोश्रींनी परवा नर्सकडून फाईल मागून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचली. केमो घ्यायची की नाही, हे मंगळवारी ठरेल. येताना त्या चष्मा आणि पेन आणणार आहेत. आपण गाडी लावून कँटीनमध्ये बसावं. तिथला चहा बरा असतो.

आपला,
तळमजल्यावरचा शेजारी