दाबवाले नाना

जव्हारहून मोखाड्याला निघालेल्या जीपमध्ये बाकावर चौघं दाटून बसलेले असतात आणि दारात पाचवा उभा राहतो. बाकीचे कुरकुरतात. नाना खूश होतात. "घ्या, घ्या त्यांना! दाब पडल्याशिवाय जोड लागत नाही."

नाना आंब्याची कलमं बांधतात. १९८२ साली गुजरातेत वांसद्याला ‘बाएफ’ या संस्थेने सुरू केलेली फळबागांची ‘वाडी’ योजना पुढे या डोंगरउतारांवर आली, आंबा-काजू आले आणि त्यांच्यामागून नाना आले. पाड्यापाड्याला असा एखादा असतोच. पावसाळ्यात कोय रुजून पंधरवडा होतो, पानं अजून तांबूस असतात, तेवढ्यात शेंडा छाटायचा, मध्ये चीर द्यायची, काडी पाचरीसारखी तासून चिरेत बसवायची आणि वरून प्लास्टिकची पट्टी आवळायची. हे पुष्कळांना येतं. नानांचा जीव आवळण्यात.

"जखम मोकळी सोडली की माजते," असं ते म्हणतात, आणि पंचाईत अशी की ते खरं आहे. कापल्या जागी पेशी भराभर वाढतात. पण मोकळीक मिळाली तर त्यांचा नुसता भुसभुशीत गोळा होतो. साल कोणी व्हायचं, लाकूड कोणी व्हायचं, काही ठरत नाही. अमेरिकेत ब्राउन आणि सॅक्स या दोघांनी पॉप्लर आणि पाइनच्या सालीच्या पट्ट्या खोडापासून सोडवून पाहिल्या. दाब नव्हता तिथे गोळा. दाब दिला तिथे थर नीट रांगेत. हा १९६२ सालचा प्रयोग एका कृषी सहायकाने नानांना सांगितला. सांगायला नको होता.

तेव्हापासून सगळ्यालाच अमेरिकेचा आधार. पाण्यावरून दोन पाडे भांडले, तर नानांनी दोन्ही बाजूंना एकाच अरुंद सतरंजीवर बसवलं. भांडण मिटलं नाही, पण पाय आखडल्यामुळे सभा लवकर संपली. नाना याला यश म्हणतात. नातवाच्या दप्तराचा पट्टा, गवताचा भारा, पाहुण्याचा हात, जे हाती येईल ते आवळतात.

सोडायचं मात्र त्यांना सुचत नाही. जोड पक्की झाली की पट्टी काढावी लागते, नाहीतर जाड होणाऱ्या खोडाला तीच काचते. नाना "अजून आठ दिवस" म्हणत राहतात. म्हणून नानी कमरेला ब्लेडचं पान खोचून त्यांच्या मागून वाडीत फिरते आणि गुपचूप पट्ट्या कापते. नानांच्या कलमांचं जे नाव आहे, त्यातलं निम्मं तिचं.

परवा मुलाने बायकोला घेऊन नाशिकला बिऱ्हाड करायचं काढलं. नाना म्हणाले, "एवढ्यात नको. जोड कच्ची आहे."

नानी भाकरी थापत होती. "दोन पोरं झाली त्याला," ती म्हणाली. "पान आणू का?"