आउटपुट कमी येतंय

ऑर्केस्ट्रात गायकाला वन्समोअर मिळतो, ढोलकीवाल्याला शिट्ट्या मिळतात आणि निवेदकाला काहीच कारण नसताना शाल-श्रीफळ मिळतं. बेसवाल्याला मात्र एकच प्रश्न मिळतो : ''तुमच्या गिटारच्या दोन तारा कुठे गेल्या?'' पूर्वी तो समजावून सांगायचा, की बेसला बहुतेक करून चारच तारा असतात आणि त्या गिटारच्या जाड चार तारांच्या एक सप्तक खाली लागतात. हल्ली ''तुटल्या'' म्हणतो आणि मोकळा होतो.

पुणे, ठाणे, कोल्हापूर, जिथे जिथे हौशी ऑर्केस्ट्रा अजून तग धरून आहे, तिथे हा प्राणी सापडतो. माझ्या पाहण्यातला नमुना महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात आहे. ''पाणी कमी दाबाने येतंय'' ही तक्रार तो दिवसभर शांतपणे ऐकतो आणि प्रत्येकाला एकच सांगतो, ''आधी तुमचा मेन कॉक पूर्ण उघडा आहे का बघा.'' संध्याकाळी तालमीला बसला, की पहिल्या अंतऱ्यालाच याचा चेहरा पडतो. ''आउटपुट कमी येतंय.''

आता यात त्याचा एकट्याचा दोष नाही. लिओ फेंडरने 1951 साली अमेरिकेत प्रिसिजन बेस बाजारात आणला, त्याचं एक कारणच हे होतं, की बँडमध्ये त्या उभ्या अजस्र डबल बासचा आवाज बाकीच्यांच्या गोंगाटात बुडायचा. म्हणजे हे वाद्य जन्मलंच 'मला कोणी ऐकत नाही' या तक्रारीतून. बेसवाला ती परंपरा निष्ठेने चालवतो. घरी पाहुणे आले आणि आर. डी. बर्मन यांचं गाणं लागलं, की तो कोणाला आशाबाईंकडे लक्ष देऊ देत नाही. ''खालचं ऐका, खालचं! टोनी वाझचा बेस!'' पाहुणे घाबरून खालच्या मजल्याचा अदमास घेतात.

आउटपुट कमी येतंय म्हटल्यावर पहिला संशय तारांवर. इथे त्याच्याकडे दोन परस्परविरोधी धर्मग्रंथ आहेत आणि खिशाप्रमाणे तो त्यातला एक उघडतो. महिनाअखेरीला जेमर्सन. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या गाण्यांमागे बसलेला जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा, जाड फ्लॅटवाउंड तारा लावायचा आणि त्या तुटल्याशिवाय बदलायचा नाही. ''तार जितकी जुनी, तितकी मुरलेली,'' असं त्या काळात आमचा माणूस सांगतो. पगार झाला, की एंटविसल. 'द हू' या बँडच्या जॉन एंटविसलने 1966 च्या सुमारास रोटोसाउंडकडून राउंडवाउंड तारा हव्या तशा करून घेतल्या आणि बेस पियानोसारखा खणखणायला लागला. ''जुन्या तारेत जीव राहतो का कुठे?'' माणूस तोच, फक्त तारीख सातच्या आतली.

मग गेजचा घोळ. बेताचा सेट 45 ते 105 चा, म्हणजे सर्वांत जाड तार इंचाच्या एकशेपाच सहस्रांशाची. हा 50 ते 110 चा आणतो. जाड तार, जास्त आवाज, असा सरळ हिशेब. जाड तारेने ताण वाढतो, मान वाकते, तार पट्ट्यांपासून उचलली जाते आणि बोटं सोलवटतात. आउटपुट होतं तिथेच. एकदा तर गणपती तोंडावर आले म्हणून त्याने पिवळ्याधमक, सोन्यासारख्या दिसणाऱ्या तारा आणल्या. त्या निघाल्या अकूस्टिक बेसच्या, ब्राँझच्या. तारांखालच्या पिकअपमधलं चुंबक ओळखतं लोखंड-पोलाद. ब्राँझचं वेटोळं त्याच्या खिजगणतीतही नसतं. ऐकू येते ती जवळजवळ फक्त आतली बारीक पोलादी तार. त्या वर्षी तो स्टेजवर दिसला सुरेख.

पावसाळ्यात तारा गंजतात, घामाने मरतात. मग उकळणं आलं. ही थट्टा नाही. राउंडवाउंडच्या खाचांत साचलेला मळ आणि तेलकटपणा उकळत्या पाण्यात सुटतो आणि चार दिवस आवाजाला धार येते. बेसवाल्याच्या घरी या कामाला एक वेगळं पातेलं असतं, निदान आता असतं. तो वेटोळी करून तारा सोडतो, पाणी काळपट होताना भक्तिभावाने बघत राहतो, मग हेअर ड्रायरने एकेक तार कोरडी करतो, कारण ओल राहिली तर पुन्हा गंज. सौ. मागून विचारतात, ''अहो, झालं असेल तर भाताचा कुकर लावू का? की याला अजून शिट्ट्या व्हायच्यात?''

एवढ्यानेही भागलं नाही, की स्क्रू ड्रायव्हर निघतो. पिकअप तारांच्या जवळ आणला, की आउटपुट वाढतं, हे खरंच आहे. पण किती जवळ? हा तारेला टेकेपर्यंत आणतो. मग चुंबक तारेलाच ओढायला लागतं, सूर डुगडुगतो आणि गायक बेसवाल्याकडे असं बघतो, जसं पाणीकपातीच्या दिवसांत लोक बघतात. तीन वळसे उलटे फिरवून तो म्हणतो, ''बरोबर. म्हणजे दोष वायरिंगमध्ये आहे.''

यंदाचा प्रकार मी जवळून पाहिला. बेस खोलून चटईवर पालथा, सोल्डरिंगच्या धुराचा वास आणि हा मल्टिमीटर हातात घेऊन बसलेला. मल्टिमीटरच्या पडद्यावर बॅटरी संपल्याची खूण. लागते नऊ व्होल्टची. घरात शोधाशोध झाली, शेवटी एक सापडली. तारेची टोकं टेकवून त्याने पिकअप मोजला : साडेसात किलोओहम. ''ठणठणीत आहे!'' दुसरा मोजला, तोही ठणठणीत. सगळं जोडलं, अ‍ॅम्प लावला, तार छेडली. आवाजच नाही. कमीसुद्धा नाही.

तो भिंतीला टेकून बसला. कीबोर्ड वाजवणारा कॉलेजचा पोरगा तेवढ्यात आला. ''काका, तुमचा बेस अ‍ॅक्टिव्ह ना? बॅटरी?''

अ‍ॅक्टिव्ह बेसच्या पोटात छोटा प्रीअ‍ॅम्प असतो, तो नऊ व्होल्टवर चालतो आणि जॅकमध्ये केबल खुपसली, की सुरू होतो. काका तालीम संपली की केबल तशीच ठेवून घरी जायचे, ''उद्या परत लावायचीच आहे'' म्हणून. बॅटरी रात्रंदिवस झिजत होती. आणि आता तर ती बेसमध्ये नव्हतीच. तिने मल्टिमीटरमध्ये बसून पिकअप ठणठणीत असल्याचा निर्वाळा दिला होता.

पोराने कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी आणली. बारा मिनिटांत काम झालं, त्यातली दहा काकांनी मीटरचा ब्रँड कसा चुकीचा आहे हे सांगण्यात घालवली.

दसऱ्याच्या कार्यक्रमाला मी मुद्दाम गेलो. साउंडवाल्याला या नव्या आउटपुटची कल्पना नव्हती. फेडर गेल्या वर्षीच्याच जागी वर चढवून ठेवलेला. पहिल्याच गाण्यात मंडपाचे बांबू थरथरले, पुढच्या रांगेतल्या प्लास्टिकच्या खुर्च्या गुणगुणल्या. दुसऱ्या गाण्यानंतर मंडळाचे अध्यक्ष तणतणत स्टेजमागे आले.

''ते घूं-घूं कोण करतंय? कमी करा आधी! पार मागच्या कमानीपर्यंत येतंय!''

बेसवाल्याने पट्टा सारखा केला. ''कुठपर्यंत म्हणालात?''

''कमानीपर्यंत!''

''जरा मोठ्याने सांगा ना,'' तो ढोलकीवाल्याकडे बघत म्हणाला, ''यांना ऐकू आलं नाही.''