अहो, पतसंस्थेचा सर्व्हर उठलाच नाही म्हणे!

अहो वहिनी, या ना जरा इकडं कुंपणाजवळ. ऐकलंत का? ती आपली चौकातली पतसंस्था... नाव कशाला घ्यायचं, समोरच्या गॅलरीत कान टवकारूनच बसलेले असतात. तुमची दिवाळी ठेव पण तिथंच ना? मग आधी एवढं ऐका, पैसे जागेवर आहेत. संस्था बुडालेली नाही. पण धनत्रयोदशीच्या सकाळी तिथं जे झालं ना, ते तुम्ही बघायला हवं होतं.

आदल्या रात्री लाइट गेली होती, आठवतंय? सावेडीत सगळीकडं अंधार. संस्थेच्या यूपीएसच्या बॅटऱ्या अर्धमेल्या. लहानसहान लाइट गेली तर कशाबशा ओढायच्या, पण रात्रभर कुठून? शिपाईमामा पावसाळ्यापासून ओरडतायत, साहेब बॅटऱ्या बदला. साहेब म्हणतात, पुढच्या मीटिंगला घेऊ. तर सर्व्हर पडला. सकाळी मामांनी बटण दाबलं, हिरवा दिवा लागला, पंखा घोंघावला, मामांनी नेहमीप्रमाणं उदबत्ती ओवाळली. सगळं झक्कास. आणि काउंटरवरच्या त्या मुलीनं लॉगिन केलं तर समोर काय, 'डेटाबेस कनेक्शन फेल्ड'. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिनं मॅनेजरसाहेबांकडं बघितलं, साहेबांनी मामांकडं, आणि मामांनी उदबत्तीकडं.

आणि बाहेर रांग! धनत्रयोदशी हो. कुणाला सोनं घ्यायचंय, कुणाला कामगारांचा बोनस द्यायचाय, कुणाची लेक पाडव्याला येणार. नागापूर एमआयडीसीतली माणसं तर अर्धी सुट्टी टाकून आलेली. पहिला अर्धा तास गेला 'सर्व्हर डाऊन आहे, थांबा' यात. मग एकजण, मी नाव सांगत नाही, केडगावचे आहेत, मोठ्यांदा म्हणाले, "त्या बँकेत पण आधी असंच म्हणायचे." झालं. एकदम शांतता. आपल्या नगरच्या माणसाला याच्या पुढं सांगावं लागतं का काही? १९१०ची अर्बन बँक, तिचा परवाना रिझर्व्ह बँकेनं २०२३च्या ४ ऑक्टोबरला रद्द केला, ते कोण विसरलंय? आणि बँकेला निदान पाच लाखांपर्यंत विम्याचं छत्र असतं. पतसंस्थेच्या ठेवीला तेही नाही. हे रांगेतल्या प्रत्येकाला पाठ. चेहरे असे खर्रकन उतरले म्हणता... एक आजी खालीच बसल्या.

दुसरी अफवा त्याहून भारी. म्हणे पावतीवर 'अहमदनगर' पुसून 'अहिल्यानगर' केलं म्हणून कॉम्प्युटर बिघडला! माझ्या तोंडात अजून नगरच येतं ती गोष्ट वेगळी, पण नावानं कधी मशीन रुसतं का? मी हसले. पण थांबा, त्यात एक गंमत आहे, ती नंतर सांगते.

तर काय सांगत होते... हां, सॉफ्टवेअरवाला. त्याला फोन लावला, तो रिमोटवरून आत शिरला. बघतो तर डेटाबेसचा फोल्डरच गायब! पोरगा नवीन, घाबरला असणार. म्हणाला, "साहेब, डेटा करप्ट झालाय, नवीन करून बॅकअप टाकावा लागेल." साहेब म्हणाले, "टाक बाबा, रांग आवरत नाही." त्यानं तिथं नवा फोल्डर करून कोरा करकरीत डेटाबेस उभा केला आणि मामांच्या कपाटातल्या पेनड्राइव्हवरचा बॅकअप त्यात ओतला. सगळे कॉम्प्युटर चालू. टाळ्या वाजायच्याच बाकी.

पहिला नंबर त्याच आजींचा. दसऱ्याला मोडीचं सोनं विकून ठेवलेली एफडी, पावती हातात. मुलीनं नंबर टाकला. "आजी, हे खातंच नाही." अहो, मी तिथं उभी होते, माझ्या अंगावर काटा आला. आजींनी पावती परत पुढं केली. मुलीनं परत टाकला. नाहीच. मागच्या माणसाच्या पासबुकात बॅलन्स एक, स्क्रीनवर दुसराच. मग कळलं, पेनड्राइव्ह कधीचा भरलेला, शेवटचा बॅकअप गणपतीच्या आधीचा. रोज संध्याकाळी खिडकी उघडायची, मामा 'ओके' दाबायचे. त्या खिडकीत काय लिहिलंय ते कुणी वाचलं असेल तर शपथ. साहेब खुर्चीत बसले ते उठेचनात.

आता इथं आमच्या नणंदेचा मुलगा येतो. हिंजवडीला असतो ना, दिवाळीला आलेला, मला गाडीवरून सोडायला आला होता. तो आपला शांतपणे विचारतो, "लॉग बघितला का?" सगळे त्याच्याकडं बघायला लागले. बाहेरच्या माणसाला सर्व्हरला हात लावू द्यायला साहेब तयार नव्हते, आणि बरोबरच आहे म्हणा. शेवटी असं ठरलं की हात सॉफ्टवेअरवाल्याचाच, फोनवरून सांगणार हा.

मला काय कळतंय त्यातलं, पण घरी आल्यावर त्यानं इतकं सांगितलं की तोंडपाठ झालंय. लिनक्सचा सर्व्हर, सकाळी उठल्यापासून कोणती सेवा कधी चालू झाली, कोणती आपटली, हे सगळं तो लिहून ठेवतो. जर्नल म्हणतात त्याला. त्यात फक्त आजच्या बूटचं आणि फक्त डेटाबेसचं असं वेगळं काढून बघता येतं. बघितलं तर सकाळची पहिलीच ओळ, अमुक डिरेक्टरीत जाता येत नाही, एररकोड २. दोन म्हणजे अशी जागाच नाही. तेरा असता तर जागा आहे पण आत जायची परवानगी नाही. एका आकड्यात एवढा फरक! आणि करप्ट वगैरे शब्द त्या ओळीत कुठंच नव्हता हो. तो त्या पोरानं मनानंच लावला होता.

जागा नाही म्हणजे गेली कुठं? तर भाच्यानं डिस्कांची यादी काढायला लावली. त्यात एक आख्खी मोठी डिस्क निवांत पडलेली, कुठंच न जोडलेली. माउंट केलेली नव्हती. सगळ्यांचे पैसे त्या डिस्कवर! म्हणजे डेटा गेलेलाच नव्हता, त्याचं दार लागलं नव्हतं एवढंच. लग्नाला नवरदेव मांडवात येऊन उभा आणि वऱ्हाडाचा टेम्पो अजून घोडेगावच्या बाजारात अडकलेला, तसं झालेलं. आणि हे शहाणे दुसरंच वऱ्हाड गोळा करून अक्षता टाकायला निघाले होते.

आता ती गंमत. पावतीवरचं जिल्ह्याचं नाव बदलायला सॉफ्टवेअरवाल्यांचा आधीचा माणूस स्वतः आला होता ना, गणपतीच्या सुमाराला? त्याच दिवशी जुनी डिस्क भरत आली म्हणून त्यानं नवी बसवली. बसवली, हातानं माउंट केली, डेटा तिकडं नेला, सगळं चाललंय बघितलं आणि चहा पिऊन गेला. पण दर वेळी चालू होताना ही डिस्क जोडायची, हे ज्या फाइलीत लिहायचं, एफस्टॅब म्हणतात, त्यात ओळ लिहिलीच नाही. तेव्हापासून सर्व्हर एकदाही बंद पडला नव्हता, म्हणून कुणाला पत्ता नाही. अफवा उठवणारा अगदीच चुकला नव्हता म्हणायचं!

मग काय, आधी तो खोटा डेटाबेस बंद केला, डिस्क माउंट केली, आणि सेवा चालू केली. आणि... काहीच होईना! परत चेहरे उतरले. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, मारून परत चालू करू का? भाचा जवळजवळ ओरडलाच, "हात लावू नकोस." लाइट गेली तेव्हा अर्धवट राहिलेलं काम डेटाबेस आपल्या लॉगवरून तपासून पुरं करतो, त्याला वेळ लागतो. सिस्टिमडी म्हणून जो सगळ्यांना उठवणारा असतो, तो एरवी ९० सेकंदच वाट बघतो आणि मग ठार मारतो. डेटाबेसवाले म्हणून आपल्यापुरती ती मुदत वाढवून ठेवतात. आणि माणसं काय करतात, तर त्या लॉगच्या फाइलीच पुसतात, किंवा कुठंतरी वाचून फोर्स रिकव्हरीचा आकडा सहावर नेतात. एक ते सहा असतात म्हणे, चार किंवा त्याच्या पुढं गेलं की डेटा कायमचा खराब होऊ शकतो. आम्ही सगळे श्वास रोखून. आणि उठला हो! मुलीनं नंबर टाकला, आजींची एफडी पैशापैशासह समोर. आजींनी भाच्याच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. साहेब इतके मोकळे झाले की चहा सांगितला, तोही स्वतःच्या खिशातून. मामा म्हणाले, हे मी पहिल्यांदाच बघतोय.

मधल्या वेळात खोट्या डेटाबेसवर झालेल्या चार नोंदी? व्हाउचर कागदावर होते म्हणून वाचलं. संध्याकाळी बसून पुन्हा भरले. सगळं पेपरलेस करा म्हणणारे ते संचालक त्या वेळी कुठं होते कोण जाणे.

एफस्टॅबची ओळ पण त्याच दिवशी लिहिली. डिस्कचं नाव न लिहिता तिचा तो लांबलचक यूयूआयडी नंबर, कारण एसडीए, एसडीबी ही नावं पुढच्या वेळी आपापसांत बदलू शकतात. आणि डेटाबेसला वेगळं बजावून ठेवलं की ही डिस्क जोडल्याशिवाय तू उठायचंच नाही. मग भाच्यानं साहेबांच्या डोळ्यांदेखत सर्व्हर मुद्दाम बंद करून चालू करायला लावला. साहेबांनी डोळे मिटून घेतले होते! त्याचं म्हणणं एकच, आत्ता चालतोय म्हणजे उद्या सकाळी आपोआप चालू होईल असं नाही. हातानं स्टार्ट करणं वेगळं आणि इनेबल करणं वेगळं, लोक पहिलं करतात आणि दुसरं विसरतात.

त्याच्याकडं अशा कहाण्यांचं पोतंच आहे. राहुरीकडच्या एका दूध केंद्रावर विंडोजचा सर्व्हर, पहाटे कॅनची रांग, फॅटचा आकडा उमटेना. तर कुणीतरी शहाण्यानं यूजरचा पासवर्ड बदलला आणि त्याच यूजरच्या नावानं चालणाऱ्या सेवेला सांगितलंच नाही. एरर १०६९, लॉगऑन फेल्युअर. पासवर्ड जुना होता तोपर्यंत सेवा चालू, रीस्टार्ट झाल्यावर उघडं पडलं. आणि शिंगणापूरच्या वाटेवरच्या एका दुकानात पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस. तो चालू होताना स्वतःच्या नावाची एक कुलूप-फाइल ठेवतो, पीआयडी फाइल. लाइट गेली की ती तशीच पडून राहते. बहुतेक वेळा तो स्वतः ओळखतो की जुनी आहे, पण कधी त्याच नंबरावर दुसरंच काही चालत असतं आणि हा म्हणतो, आत कुणीतरी आहे, मी येत नाही. मी म्हटलं, अरे ज्या गावात घरांना दारं नाहीत, यूको बँकेनं २०११मध्ये बिनकुलपाची शाखा काढली, तिथं जाऊन कुलूप कशाला लावायचं? खूप हसला. पण म्हणाला, मामी, आत खरंच कुणी चालू नाही ना हे बघितल्याशिवाय ती फाइल पुसायची नसते.

आणि हे तर ऐकाच. हा पतसंस्थेतला डेटाबेस, मायएसक्यूएल, ज्यानं केला ना, फिनलंडचा विडेनियस, त्यानं मुलीचं नाव दिलंय डेटाबेसला! थोरलीचं नाव माय. २००८मध्ये कंपनी सनला विकली, एक अब्ज डॉलरला. पुढं सनच ओरॅकलकडं जायला निघाली, तेव्हा यानं वेगळी चूल मांडली आणि नव्या डेटाबेसला धाकटीचं नाव दिलं, मारिया. मधल्या मुलाच्या नावाचा पण एक आहे, मॅक्सडीबी. घरातल्या कुणालाच वगळलं नाही बघा. बायकोच्या नावाचा कुठं दिसत नाही पण...

तर काय सांगत होते... काल संचालक मंडळाची मीटिंग झाली. मामांनीच सांगितलं. चेअरमन म्हणाले, असला सर्व्हर नको, नवा घ्या. कोटेशन आलं, सगळ्यांनी हात वर केले, मंजूर. बिघडलं काय होतं? एक ओळ लिहायची राहिली होती! भाच्यानं ऐकून कपाळावर हात मारला. पेनड्राइव्हच्या जागी आता दोन ठिकाणी बॅकअप जातो आणि दर शनिवारी एक बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघतात, एवढं एक शहाणपण मॅनेजरनं दाखवलं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. यूपीएसच्या बॅटऱ्यांचा विषय मात्र वेळेअभावी पुढच्या मीटिंगला ठेवलाय.