स्थिर संकेतस्थळ, अस्थिर मालक

धाराशिवातल्या होतकरू संगणकवाल्याला हल्ली स्वतःचं संकेतस्थळ लागतंच. तेही साधंसुधं नाही, ‘स्टॅटिक’. डेटाबेस नको, लॉगिन नको. मार्कडाउनमध्ये मजकूर लिहायचा, एक कमांड देऊन ‘बिल्ड’ मारायचा, की एचटीएमएलची तयार पानं बाहेर. गिटहब पेजेसवर फुकटात चढवली, की झालं.

गडी सुरुवात अशी पानं बनवणाऱ्या २००८ च्या जेकिल या साधनानं करतो. मग कुणीतरी कानात सांगतं, २०१३ चा ह्यूगो जास्त पळतो. पळतोच, शेकडो पानं चुटकीसरशी तयार करतो. गड्याची पानं दोन: ‘माझ्याविषयी’ आणि ‘लवकरच येत आहे’. थीम मात्र दर अमावस्येला नवी.

अशा संकेतस्थळाची एक सोय मात्र मानायला हवी. २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचं धाराशिव झालं. जिल्ह्याचं नाव कॉन्फिग फाइलमध्ये ठेवलेलं असेल, तर एक ओळ बदलायची, पुन्हा बिल्ड मारायचा. सगळ्या पानांवर नवं नाव! सातबारा, दाखले, दुकानांच्या पाट्या यांना कॉन्फिग फाइल नसते. तिथला बिल्ड आपला सावकाश चाललाय.

गड्याच्या पानावर अजून उस्मानाबादच आहे. ओळ बदलायला वेळ कुठला? तो सध्या ॲस्ट्रो नावाचं तिसरं साधन शिकतोय.