कंबोडियाच्या यादीत स्वेटर लिहिणाऱ्यास खुले पत्र

महाशय,

'सप्रेम नमस्कार' लिहायला लेखणी उठत नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

एप्रिलमधल्या कंबोडियाच्या सहलीआधी तुमच्या कंपनीकडून आईला एक छापील कागद आला. 'सोबत घ्यावयाच्या वस्तू.' एप्रिल हा तिथला सगळ्यात तापलेला महिना, दुपारी पारा ३५ अंशांच्या पुढे आणि हवा ओलसर. तुमच्या यादीत पहिल्या ओळीत थर्मल, दुसऱ्या ओळीत स्वेटर किंवा जाड जाकीट. चौथ्या ओळीत तर आज्ञाच होती: 'सुती कपडे टाळावेत, चुरगळतात.' युरोपच्या सहलीचा कागद उचललात आणि वरचं देशाचं नाव तेवढं बदललंत. खालचं 'सुटे युरो जवळ ठेवावेत' खोडायचंही तुम्हाला सुचलं नाही. कंबोडियात रिएल आणि अमेरिकी डॉलर चालतात हो!

आई मूळची वेंगुर्ल्याची. वैशाखातली चिकचिक तिला कोणी शिकवायला नको. तिने स्वतःच्या मनाने बॅग भरून ठेवली होती. धुऊन मऊ पडलेल्या तीन सुती साड्या, छत्री, साध्या चपला, मीठ-साखरेची पुडी आणि दोन पंचे, कारण दमट हवेत जाड टॉवेल दोन दिवस वाळत नाही. तुमचा कागद आला आणि तिने यातलं एकेक उचलून परत कपाटात ठेवलं. "छापलंय म्हणजे त्यांना माहीत असणार," म्हणाली. तुमच्यावर माझा सगळ्यात मोठा राग आहे तो या एका वाक्यासाठी. सत्तर वर्षांचं शहाणपण तुमच्या एका कागदापुढे गप्प बसलं.

अंगकोर वाटला खंदक ओलांडून आत गेलं की देवळापर्यंत सुमारे ३५० मीटरची दगडी वाट आहे. डोक्यावर सावली नाही. आई त्या वाटेने चालली ती न चुरगळणारी पॉलिस्टरची साडी, सॅटिनचा परकर, नायलॉनचे मोजे आणि बंद बूट घालून. घाम वाळतो तेव्हा अंग निवतं. दमट हवेत तो मुळातच हळू वाळतो, सैल सुती कपड्यातून निदान वारा तरी लागतो. पॉलिस्टरने तोही अडवला. पश्चिमेच्या ओवरीत पोहोचेपर्यंत तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. कुरुक्षेत्राच्या कोरीव युद्धासमोर ती मटकन बसली आणि तिला उलटी झाली. गाइडने शहाळं आणलं, मी साडीच्या निऱ्या सैल केल्या. परकराच्या नाडीखाली कमरेभोवती घामोळ्यांचा लालभडक पट्टा उठला होता. तो पाहिला तेव्हाच हे पत्र लिहायचं ठरलं.

तिला पाहायचं होतं समुद्रमंथन. बाराव्या शतकातलं, ४९ मीटर लांब, पूर्वेच्या ओवरीत, म्हणजे आम्ही बसलो होतो त्याच्या बरोबर पलीकडच्या बाजूला. ते न पाहताच आम्ही हॉटेलवर परतलो. थर्मल आणि जाकीट पिशवीतून बाहेरही निघाले नाहीत. विमानात २० किलोची मर्यादा, त्यातले तीन किलो या दोन वस्तूंनी खाल्ले.

आणि जे सांगायला हवं होतं ते? वरच्या गाभाऱ्याकडे जायला खांदे नि गुडघे झाकलेले लागतात, डेंग्यूचा डास दिवसा चावतो, टोपी आणि जलसंजीवनीची पाकिटं जवळ हवीत. यातली एकही ओळ त्या कागदावर नव्हती.

तुमची पुढची तुकडी लवकरच निघते आहे आणि तिच्यातही बहुतेक ज्येष्ठ नागरिकच आहेत. तो कागद आजच फाडा. नवा लिहिताना कोकणातल्या कुठल्याही आजीला विचारा, ती बरोबर सांगेल. आणि माझ्या आईला फोन करून माफी मागा. तिचा नंबर तुमच्याकडे आहे.

एक मुलगी