निर्व्यसनी असल्याचा दाखला

आपल्याकडे माणसाला कशाकशाचे दाखले काढावे लागतात. रहिवासाचा, उत्पन्नाचा, जातीचा. पेन्शन चालू ठेवायची तर दर नोव्हेंबरात आपण अजून हयात आहोत याचाही. निर्व्यसनी असल्याचा दाखला मात्र कुठल्याच कचेरीत मिळत नसे, कारण तो द्यायला नातेवाईक समर्थ होते. ‘मुलाला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही’ असं मुलाच्या काकांनी बैठकीत एकदा सांगितलं की विषय मिटला. लग्नानंतर काय निघायचं ते निघायचं. पण काकांकडे नमुना कुणी मागितला नाही.

आता मागतात. माझ्या भाच्याकडे मागितला. भाचा बोटीवर असतो, म्हणजे तेलवाहू जहाजावर. दिवाळीला चिपळूणला घरी आला होता. परत रुजू व्हायच्या आधी कंपनीचं पत्र आलं: जवळच्या लॅबमध्ये अमली पदार्थांची तपासणी करून अहवाल पाठवा, मुंबईत आलात की आमचे डॉक्टर पुन्हा करतीलच. मुंबईत हे काम सोपं. फोर्टात नाहीतर बेलापुरात जहाजावर चढणाऱ्यांची मेडिकल करणारे डॉक्टर सापडतात आणि तिथे बाटली हातात घेऊन उभ्या असलेल्या तरुणाकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. पत्रातला ‘जवळच्या’ हा शब्द आमच्यासाठी अवघड होता. भाच्याने मोबाइलवर ‘जवळपास’ असं टाकलं तर मोबाइलने पनवेल दाखवलं.

अशा वेळी मामा लागतो. मी ओळखीच्या मेडिकलवाल्याकडे गेलो आणि त्याच्याकडे ड्रग टेस्टचं काही किट मिळतं का, असं विचारलं.

“कोणासाठी?”

“भाच्यासाठी.”

“ताईंचा? बोटीवरचा?” त्याने चष्मा काढून काउंटरवर ठेवला. “कधीपासून?”

मला वाटलं, बोटीवर कधीपासून असं विचारतोय. “झाली की पाच-सहा वर्षं,” मी अभिमानाने म्हटलं.

“अरेरे. आणि घरात कुणाला कळलं नाही?”

पुढे त्याने आवाज खाली आणून पुण्याच्या मुक्तांगणचं नाव सांगितलं. संकोच करू नका, लवकर न्या, पोरं बरी होऊन येतात, असा धीरही दिला. डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांड्यांच्या मदतीने १९८६ साली सुरू केलेल्या या संस्थेचं नाव चिपळुणातल्या औषधाच्या दुकानात इतक्या आपुलकीने घेतलं जातं, हे ऐकून खरं तर बरं वाटलं. सल्ला उत्तम होता, फक्त पत्ता चुकला होता. संध्याकाळपर्यंत ताईला सांत्वनाचे फोन येऊ लागले. ‘हल्ली मुलांच्या हातात पैसा लवकर येतो ना,’ असं एका वहिनींनी स्वतःच निदानही केलं. म्हणजे नमुना द्यायच्या आधीच आळीचा अहवाल तयार होता.

जहाजवाल्यांचा हा आग्रह उगाच आलेला नाही. २४ मार्च १९८९ रोजी अलास्कात ‘एक्सॉन वाल्डेझ’ नावाचं तेलवाहू जहाज खडकावर चढलं आणि सुमारे चार कोटी लिटर तेल समुद्रात गेलं. कप्तानाने आधी किनाऱ्यावर मद्य घेतलं होतं, यावर जगभर चर्चा झाली. नशेत जहाज चालवल्याच्या आरोपातून ज्युरीने त्याला पुढे मुक्त केलं, पण तेल कंपन्यांनी धडा घ्यायचा तो घेतला. २०१० मध्ये मनिला इथे खलाशांच्या प्रशिक्षणाचे आंतरराष्ट्रीय नियम सुधारले, तेव्हा रक्तातल्या मद्याची मर्यादाही ठरली: ०.०५ टक्के. बऱ्याच कंपन्या तेवढंही चालवून घेत नाहीत. अलास्कातल्या माशांनी जे सोसलं त्याचा हिशेब चिपळुणात वाशिष्ठीच्या काठी द्यावा लागतो, हे जागतिकीकरणाचं सगळ्यात प्रामाणिक रूप असावं.

शेवटी लॅब सापडली ती बाजारपेठेतच, रोजच्या डोळ्यांसमोरची. पाटीवर साखर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल असं सगळं होतं. आपल्याला हवं ते नव्हतं. बहुतेक गावांत असंच असतं. ही तपासणी होत असते, पण तिची पाटी कुणी लावत नाही. आत जाऊन विचारावं लागतं, आणि नेमकं तेच जड जातं. बाकड्यावर आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक जेवणानंतरची साखर देण्यासाठी घड्याळ बघत बसलेले. मी काउंटरवर वाकून, शक्य तेवढ्या हळू, कामाचं स्वरूप सांगितलं.

“पाचवालं पॅनेल की दहावालं?” काउंटरवरच्या मुलीने खड्या आवाजात विचारलं आणि उडुप्याकडचा वेटर इडली-वडा-उपमा म्हणतो त्या चालीत सुरू झाली, “पाचमध्ये गांजा, कोकेन, अफू, अ‍ॅम्फेटामाइन आणि पीसीपी. दहामध्ये झोपेच्या गोळ्या वगैरे वाढतात. कंपनीने काय लिहिलंय?”

गुरुजींनी घड्याळावरची नजर काढून भाच्यावर ठेवली.

पण त्या मुलीची पुढची दहा मिनिटं मला फार आवडली. तिने भाच्याकडे एकदाही ‘तसं’ पाहिलं नाही. पासपोर्ट मागितला, फोटो आणि चेहरा ताडून पाहिला. खोकल्याचं औषध घेतलंय का? कारण काही औषधांत कोडीन असतं आणि ते अफूच्याच कुळातलं. झोपेची गोळी? दुखण्यावरची? डॉक्टरची चिठ्ठी असेल तर आणा, अहवालासोबत जोडू. तपासणीच्या कार्डावर काही आढळलं तर तेवढ्यावर शिक्का मारत नाही, नमुना मोठ्या प्रयोगशाळेत जातो आणि तिथे यंत्रावर पक्कं करतात. मग तिने विचारलं, “फराळात अनारसे खाल्ले?”

भाचा गोंधळला. “खाल्ले. करंज्याही.”

“मग परवा या.”

अनारशावरच्या खसखशीचं हे प्रकरण खरंच आहे. खसखस म्हणजे अफूच्याच झाडाचं बी. बियांत नशा नसते, पण बोंडातला चीक त्यांना थोडाफार चिकटून येतो आणि मॉर्फिनचा अंश लघवीत उतरू शकतो. अमेरिकेत असे बिचारे खसखसभक्त इतके अडकू लागले की तिथल्या सरकारने १९९८ मध्ये तपासणीची मर्यादा दर मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली. बाजारात ३०० ची कार्डंही मिळतात, म्हणून कार्ड कोणतं हे आधी विचारलेलं बरं. दुबईत तर खसखस नेण्यालाच बंदी आहे. मुलाच्या बॅगेत प्रेमाने अनारसे भरणाऱ्या आयांनी एवढं ध्यानात ठेवावं.

हे घरी सांगण्याचं काम माझ्याकडे आलं. ताईने झारा हातात असतानाच ऐकून घेतलं.

“माझ्या अनारशाला अफू म्हणते ती?”

“अफू नाही गं, अंश.”

“आईच्या आईपासून चालत आलेत. आमच्यात कुणाला चढली?” खरं तर दिवाळीच्या दुपारी आमच्याकडे सगळी माणसं ज्या पद्धतीने आडवी होतात, त्यावरून याचं उत्तर देता आलं असतं. पण झारा गरम होता.

अर्थात अनारसा एकटाच आरोपी नाही. २०२५ च्या जुलैत केरळात पंदळम आगारात सरकारी बसचे चालक सकाळी यंत्रात फुंकल्यावर नापास होऊ लागले. कुणी घेतलेली नव्हती. शोध घेतल्यावर कळलं, एकाने घरून पिकलेला फणस आणला होता. मग पास झालेल्या एकाला फणसाचे गरे खायला घालून पुन्हा फुंकायला लावलं, तर तोही नापास. जास्त पिकलेल्या फणसात साखर आंबून अल्कोहोल तयार होतं आणि तोंडात त्याचा अंश काही काळ राहतो. बरक्या फणसावर वाढलेल्या आमच्या कोकणाला ही बातमी वाचून अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. आपल्याकडच्या वैमानिकांना तर अल्कोहोल असलेल्या माउथवॉशवरही बंदी आहे. गुळणी केली आणि उड्डाण हुकलं, असं व्हायला नको.

म्हणूनच या तपासण्यांमध्ये बारकाव्याला महत्त्व. आपल्या महाराष्ट्रात दारूच्या संशयावरून रक्त घ्यायचं तर त्याचे १९५९ चे नियम आहेत आणि त्यांतली एक अट मला मनापासून आवडते: रक्त घेताना कुठल्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. स्पिरिटचा बोळा नाही, निर्जंतुक पाण्याने त्वचा पुसायची. ज्याच्यावर प्यायल्याचा आरोप आहे त्याच्या दंडाला आपण पाजू नये, एवढी ही साधी न्यायबुद्धी. वाहन चालवणाऱ्याची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. हा आकडा पहिल्या घोटाच्या आसपासचा की तिसऱ्या, यावर एकतीस डिसेंबरच्या रात्री नाकाबंदीच्या अलीकडे उभ्या असलेल्या गाड्यांत फार सखोल चर्चा होते.

आणि याच महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने दारू पिण्यासाठी परवाना लागतो. एक दिवसाचा परवाना वर्षानुवर्षं पाच रुपयांना मिळत आलाय आणि तो आरोग्याच्या रक्षणासाठी दिला जातो. गंमत अशी, की प्यायची असेल तर पाच रुपयांत कागद मिळतो, आणि प्यायलो नाही हे सिद्ध करायचं तर लॅबच्या बिलाकडे पाहून एखादी घ्यावीशी वाटते.

फराळ बंद ठेवून ठरल्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. छोट्या डब्याच्या बाहेर तापमान दाखवणारी पट्टी चिकटवलेली होती. नमुना ३२ ते ३८ अंशांच्या मध्ये हवा, म्हणजे आत्ताच दिलेला आणि त्याच माणसाचा. दुसऱ्याचा निर्व्यसनीपणा बाटलीत घालून आणणारी माणसं जगात आहेत, म्हणून ही खबरदारी. अमेरिकेत वाहतूक खात्याच्या नियमाने चार मिनिटांच्या आत तापमान बघतात, संडासाच्या टाकीत निळा रंग घालतात, आणि ज्याला ऐन वेळी होतच नाही त्याला तीन तास देऊन सव्वा लिटरच्या आत-बाहेर पाणी पाजतात. लाजाळू माणसाचा एवढा विचार आपल्या सरकारी कचेऱ्यांत कुठल्याच दाखल्यासाठी झालेला मी पाहिलेला नाही.

मुलीने ड्रॉपरने कार्डाच्या खळग्यांत थेंब सोडले. गुलाबी रंगाची ओल पट्टीवरून हळूहळू वर सरकू लागली. वर ‘सी’ खाली ‘टी’, आणि प्रत्येक रकान्यात एकेक करून दोन-दोन रेषा उमटल्या. भाच्याचा चेहरा पडला. दोन रेषा म्हणजे काहीतरी झालंय, एवढंच ज्ञान पुरुषजातीला जाहिरातींतून मिळालेलं असतं. मुलगी हसली. इथे उलटं आहे, म्हणाली. नमुन्यात पदार्थ असला तर तो पट्टीवरच्या रसायनाला अडवतो आणि ‘टी’ची रेषा उमटत नाही. पदार्थ नसला किंवा मर्यादेच्या आत असला तरच दोन्ही रेषा येतात. फिकट असली तरी रेषा ती रेषा.

त्या कार्डाकडे पाहताना वाटलं, आळीच्या तपासणीपेक्षा ही किती सभ्य आहे. आळी सगळंच तपासते: कितीला घरी आला, कुणाबरोबर होता, डोळे लाल का, पगार एवढा कसा. तिला मर्यादा नाही, दुसऱ्या प्रयोगशाळेत पक्कं करण्याची सोय नाही, आणि एकदा आलेला अहवाल पुढची पिढीही फाइलमध्ये ठेवते. कार्ड पाच प्रश्न विचारतं, पाचांची उत्तरं देतं आणि कचऱ्याच्या डब्यात जातं. मुलगा चांगला की वाईट, यावर त्याचं काही म्हणणं नसतं. म्हणून ज्याला ही तपासणी करायची वेळ येईल त्याने लॅब शोधताना मशीन किती मोठं हे नंतर बघावं. ओळखपत्र मागतात का, औषधांची यादी आधी विचारतात का, नमुना आपल्यासमोर सीलबंद करून सही घेतात का, कार्डाच्या उत्तरावर न थांबता पुढे पक्कं करतात का, हे आधी बघावं. आणि खड्या आवाजात पॅनेल विचारणारी मुलगी असेल तर तिथेच जावं. जिथे या कामाची कुजबुज होत नाही, तिथे ते नीट होतं.

अहवाल आला. पाचही रकान्यांपुढे ‘आढळले नाही’. भाच्याने तो कंपनीला पाठवला, मी मेडिकलवाल्याला दाखवून आलो. त्याने दोनदा वाचला आणि ‘चला, लवकर लक्षात आलं म्हणून सुटला’ असं म्हणाला.

ताईने मात्र चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत पाहिला, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

“यात सिगारेटचं काहीच नाही लिहिलेलं?”

“ते पाचच्या पॅनेलमध्ये नसतं,” भाचा म्हणाला आणि बॅग भरायची राहिली आहे असं सांगून आत गेला. ताईने माझ्याकडे पाहिलं. मी सरळ करंजीकडे हात नेला. मला ज्याची तपासणी करायला पाठवलं होतं त्याचा अहवाल मी दिला होता. बाकीचं माझ्याही पॅनेलमध्ये नव्हतं.